काळ्या वाळूतले वाल

कपाटाची किल्ली तीन आठवडे सापडत नव्हती. पाहुण्यांच्या चादरी, माझ्या दोन बऱ्या साड्या, लग्नात मिळालेलं चांदीचं निरांजन, सगळं आत अडकून पडलं होतं. मी पिठाचे डबे उपसले, फडताळ झाडलं, शेजारणीला दोनदा विचारून तिचा रागही ओढवून घेतला. रोज सकाळी मी म्हणायची, "अहो, किल्ली पाहिलीत का?" आणि आमचे हे रोज म्हणायचे, "बघतो हं." तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी हे शाळेतून आले ते हातात फोटोची काच घेऊन. स्टेशनजवळच्या फोटोग्राफरकडून धुऊन आणलेली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. सगळी काच धुरकट काळी पडली होती आणि मधोमध माझ्या कपाटाची किल्ली, दात्यांसकट, स्वच्छ उमटली होती.

"सापडली," हे म्हणाले.

झालं होतं ते असं. एक कोरी काच काळ्या कागदात घट्ट गुंडाळायची, तिच्यावर किल्ली ठेवायची, किल्लीवर काळ्या वाळूची पुरचुंडी, आणि हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत बंद करून माझ्या पलंगाखाली सरकवायचं. मग तीन आठवडे बायकोला "बघतो हं" म्हणायचं. वाळूतून न दिसणारे किरण निघतात, ते कागदातून पार जातात, काचेला लागतात, पण लोखंडाच्या किल्लीतून फारसे जात नाहीत. म्हणून किल्लीची जागा कोरी राहिली. मी आधी चिडले. मग काच हातात घेतली, आणि माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. पेटीत दिवा नाही, उजेड नाही, आणि ओंजळभर वाळूने चित्र काढलं होतं!

चिडायचं ते मी पाच मिनिटांनी परत चिडले. "पण माझ्याच पलंगाखाली का?"

"माझ्या पलंगाखाली पुस्तकं आहेत," हे म्हणाले. हे खरंच होतं.

पन्नास सालानंतरची दोन-तीन वर्षं. आम्ही ठाण्यात नवीन होतो. दोघंही कृष्णाकाठचे, हे इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले आणि लग्न होऊन मी त्यांच्या मागून आले. हे एम.एस्सी.च्या अर्ध्यावर होते तेव्हा सासरे वारले. धाकटी भावंडं होती, घर चालवायचं होतं, म्हणून प्रयोगशाळा सोडून ह्यांनी खडू हातात घेतला. त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. पण मुंबईच्या त्यांच्या जुन्या प्रोफेसरांना भेटून आले की पुढचे दोन दिवस आमच्या घरात आमटीत मीठ आहे की नाही हे कोणाला कळायचं नाही. मी मुद्दाम एकदा घातलं नव्हतं. जेवले आणि "छान झालीये" म्हणाले.

ती वाळू प्रोफेसरांनीच दिली होती. दक्षिणेकडच्या एका किनाऱ्यावरची, जड, काळी, मधेच पिवळसर दाण्यांची. प्रयोगशाळेत धुऊन, वाळवून ठेवलेली दहाएक शेर वाळू. त्या किनाऱ्यावर माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात, त्या वाळूवर निजतात, त्यांची पोरं तिच्यात लोळतात, आणि तिथली माडाची झाडं काय भरगच्च असतात, असं प्रोफेसर म्हणाले होते. बॉम्बने शहरं जळली ते सगळ्यांनी पेपरात वाचलं होतं. पण मातीत, दगडात, विटेत, आपल्या हाडांतसुद्धा हे किरण थोडे थोडे असतातच. जगातला पहिला जीव जन्मला तोही त्यांच्यातच. मग हे थोडंसं, जन्माचं सोबती असलेलं, जिवंत पेशीला अपायाचं की उपकाराचं? प्रोफेसरांनी हा प्रश्न सहज टाकला होता. आमच्या ह्यांनी तो पिशवीसकट उचलून घरी आणला.

शेजारणीला हे कळलं तेव्हा ती आठ दिवस आमच्या दारावरून पदर सावरून जायची. "बॉम्बची वाळू" असं तिने तिचं नाव ठेवलं. मीही पेटी पलंगाखालून हलवून मागच्या पडवीत नेली. विज्ञान विज्ञानाच्या जागी, झोप झोपेच्या.

प्रयोगासाठी वाल निवडले. त्याचं कारण मावशी. ही मावशी आमची कोणी नात्यातली नव्हे. बाळकुमकडची बाई, पन्नाशीची, काटक, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, आणि पायांना अशा भेगा की त्यांत माझं बोट गेलं असतं. उन्हाळाभर ती मिठागरात राबायची, बाकीच्या दिवसांत डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मीठ, भाजी आणि घरचे वाल विकायची. तिचे वाल म्हणजे काय सांगू! आमच्या गावाकडे वालाचं एवढं कौतुक नसतं. मोड आणून, कोमट पाण्यात टाकून, एकेक वाल सोलून बिरडं करायचं हे मला तिनेच शिकवलं. शंभर वाल भिजवले तर शंभरांना मोड. हे म्हणाले, "बी असं एकसारखं असेल तरच प्रयोगाला अर्थ."

मग ह्यांनी मातीचे बारा पसरट परळ आणले. सहांत काळी वाळू भरली, सहांत साधी रेती. समोर एक बंगला उठत होता, तिथल्या ढिगातून मुकादमाला विचारून ही रेती आणली होती. माझ्या पिठाच्या चाळणीने चाळून घेतली, हेही सांगायला हवं. प्रत्येक परळात दहा वाल. पाणी औषधाच्या छोट्या पेल्याने मोजून, सकाळी एक, संध्याकाळी एक. ऊन सगळ्यांना सारखं लागावं म्हणून रोज सकाळी परळ एकेक जागा पुढे सरकवायचे. मी एकदा पाणी घालताना एका रोपाला "वाढ रे बाबा" म्हणाले, तर हे म्हणाले, "म्हणायचं तर साठांना म्हण." मी म्हटलं, "साठ नाहीत, एकशेवीस आहेत." तर म्हणाले, "बघ, एकाचे लाड केलेस की बाकीचे विसरायला होतात." मला हसू यायचं, पण मनातून मी थक्क व्हायची. रोपांची उंची हे सुताने मोजायचे आणि सूत पट्टीवर ठेवायचे. एखादं रोप मोजताना शंका आली तर पुन्हा मोजायचे, आणि दोन्ही आकडे लिहायचे. माणूस देवपूजा न करता सोवळ्यात कसा असू शकतो, ते मी त्या पडवीत पाहिलं.

पंधरा दिवसांत फरक दिसला. काळ्या वाळूतले वाल ताठ, पानं रुंद, हिरवीगार. साध्या रेतीतले खुरटे, पानांच्या कडा करपलेल्या, काही उगवलेच नाहीत. ह्यांनी सगळं उपटून पुन्हा पेरलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पेरलं. तिसऱ्यांदाही तेच!

पी हळद अन् हो गोरी, असा उतावळा ह्यांचा स्वभाव नव्हता. तिसऱ्या खेपेनंतरच त्यांनी प्रोफेसरांना पत्र लिहिलं. उत्तर चार दिवसांत आलं. प्रोफेसरांनी लिहिलं होतं की येत्या रविवारी मुंबईत आमच्या मंडळापुढे निबंध वाचा, मी अध्यक्ष आहे. आणि खाली, जरा बारीक अक्षरात: माझ्या प्रयोगशाळेत एक जागा होते आहे. निबंध जसा तुम्ही म्हणता तसा असेल, तर ती तुमचीच समजा.

ते पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं तेव्हा त्या शेवटच्या ओळीवर थांबले. पाणी प्यायले आणि पुन्हा वाचायला घेतलं. मी आत जाऊन गूळ आणून दिला. सासऱ्यांच्या जाण्याने हातातून गेलेली गोष्ट परत येत होती. मला दुसरं काही नको होतं. देवाला हात जोडून सांगते, त्या आठवड्यात मला दुसरं काहीही नको होतं.

गुरुवारी दुपारी हे शाळेत असताना मावशी आली. मी टोपली उतरवायला हात दिला. मीठ देऊन झालं, पाणी प्यायला ती पडवीत टेकली आणि तिची नजर परळांकडे गेली.

"ह्यो माजा वाल?" तिने विचारलं.

"हो, तुमचाच."

ती उठली. करपलेल्या रोपांपाशी उकिडवी बसली. एक पान दोन बोटांत धरून उलटं केलं. "माजा वाल असा मरनार नाय," ती म्हणाली. मला वाटलं, मनाला लागलं तिच्या. मी समजूत काढायला गेले. "मावशी, वालाचा दोष नाही हो. त्या काळ्या वाळूत गुण आहे, तिच्यातून किरण निघतात, म्हणून ते जास्त वाढलेत. हे साधे आहेत."

"साधं ना हाय ह्यां," ती म्हणाली. "जललाय तो. ही रेती कुटची?"

"समोर बंगला बांधतायत ना, तिथली."

"म्हंजे खाडीची."

आणि तिने चिमूटभर रेती उचलून सरळ जिभेवर ठेवली. क्षणभर तोंड हलवलं, पडवीबाहेर थुंकली. "खारी हाय, बाय. पार खारी. हिच्यान वाल काय, गवतपन व्हयाचा नाय."

"रेती खारी कशी असेल?" मी विचारलं. आज लिहिताना मला स्वतःची लाज वाटते, पण विचारलं खरं.

मावशीने माझ्याकडे पाहिलं, लहान मुलाकडे पाहावं तसं. "खाडीतून काडलेली रेती. ती काय गोड आसल? तुमचे मास्तर आवरे शिकलं, चाखून ना बगली?"

नाही बघितली. आम्ही दोघं कृष्णाकाठची माणसं. आमच्याकडे रेती म्हणजे नदीची. लहानपणी तिच्यात खेळलो, तिने भांडी घासली, झरा खणून तिच्यातलं पाणी प्यालो. रेती म्हणजे धुतलेलीच, ही आमच्या हाडामांसातली समजूत. ह्यांनी पाणी मोजलं, ऊन मोजलं, माझं बोलणंसुद्धा मोजलं, आणि पायाखालची रेती कुठून आली हे विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मावशी गेल्यावर मीही चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट. कचकचीत, निर्विवाद खारट.

मग मी काय केलं ते सांगते. काही केलं नाही. संध्याकाळी हे आले, मी चहा दिला. हे निबंध पुन्हा उतरवून काढायला बसले, मी तांदूळ निवडायला बसले. एकाच खोलीत, चार हातांवर. मनात म्हणत होते, त्या बाईला काय कळतंय? लगेच दुसरं मन म्हणायचं, जन्म मिठात काढलेल्या बाईला मीठ कळणार नाही तर काय तुला कळणार? मग म्हणायची, थोडंसं तर मीठ. कोण बघायला येणार आहे? रविवार पार पडू दे, जागा मिळू दे, मग सांगू, मग ह्यांना काय हवे ते प्रयोग करू देत चांगल्या प्रयोगशाळेत. मी वाईट बाई नव्हते. पण त्या संध्याकाळी नवऱ्याचं भलं आणि खरं बोलणं ह्या दोन गोष्टी पहिल्यांदाच माझ्यापुढे वेगवेगळ्या ताटात वाढलेल्या होत्या, आणि मी भल्याचं ताट ओढून घेतलं होतं.

शुक्रवारी सकाळी हे शाळेत जायच्या आधी दहाला जेवायला बसायचे. मी पानं घेत होते आणि हे पाटावर बसून निबंध मोठ्याने वाचत होते. वाचता वाचता ते वाक्य आलं: "दोन्ही प्रकारच्या परळांत, वाळूतील किरण वगळता, बाकी सर्व परिस्थिती समान होती." हे थांबले, माझ्याकडे बघून म्हणाले, "हे वाक्य लिहिताना मला फार बरं वाटलं. बाकी काही जमलं नसेल आयुष्यात, पण हे वाक्य खरं आहे."

मला ते सोसेना. ताट वाढताना आपण आधी मीठ वाढतो, वरच्या बाजूला मधोमध. मी पडवीत गेले, परळातली चिमूटभर रेती आणली आणि मिठाच्या जागी ठेवली. वर भात वाढला, वरण वाढलं, आणि ताट पुढे केलं.

"हे काय?"

"चाखा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बोट लावून जिभेवर ठेवलं. एकदा. मग पुन्हा एकदा. तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजल्यासारखं केलं.

"कोणाच्या लक्षात आलं?"

"मावशीच्या."

"कधी?"

"काल दुपारी," मी म्हणाले, आणि मान खाली घातली.

ह्यांनी वरणभात संपवला, आंचवून आले, सायकल काढली. दारात थांबून म्हणाले, "परळातली थोडी रेती पुडीत बांधून दे." मी दिली. दिवसभर माझा हात कामाला लागत नव्हता. संध्याकाळी हे आले ते अक्षरशः हसत आले. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी रेती पाण्यात ढवळली, ते पाणी गाळून घेतलं आणि त्यात मीठ ओळखायच्या सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. "दह्यासारखं पांढरं फटफटीत झालं! आणि काळ्या वाळूच्या पाण्यात काही नाही. काय स्वच्छ उत्तर आहे बघ!"

आता मात्र माझा संयम सुटला. "हसता काय?" मी ओरडले. "सगळं गेलं आणि हसता? परवा काय वाचणार तुम्ही? ती जागा?" आणि मी पदर तोंडात धरून रडायला लागले. हे माझ्याशेजारी जमिनीवरच बसले. मग म्हणाले, "मला हसू आलं कारण तीन महिन्यांत पहिल्यांदा मला एक गोष्ट नक्की कळली. ती मला हवी होती ती नाही, एवढंच." आणि मग अगदी हळू: "वाईट वाटतंय गं. खूप वाटतंय. पण ते वेगळं."

असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तेव्हाही वाटलं होतं, आजही वाटतं.

शनिवारी अर्धी शाळा होती. दुपारी आम्ही दोघं चालत बाळकुमच्या अंगाला गेलो. मिठागराच्या बांधावर मावशी भेटली. पाणी भरलेले वाफे उन्हात आरशासारखे चमकत होते आणि डोळे उघडवत नव्हते. मास्तर स्वतः आलेले बघून मावशी घाबरली. तिला वाटलं, आपण काही भलतं बोललो. ह्यांनी तिला हात जोडले. खरंच जोडले. आणि विचारलं, "मावशी, मीठ झाडाला वाईटच का?"

"वाईट कशाला?" मावशी म्हणाली. "माडाच्या बुडात आमी मीठ घालतो. माडाला बरा पडतंय. वालाला घातलास त मरल. भातात चिमूट, मासली सुकवाला मूठ. ज्याचा त्याला."

"आणि माडाला जास्त झालं तर?"

"त माडपन जलल."

"किती म्हणजे जास्त?"

मावशी हसली. पुढचे दोन दात नव्हते, तरी काय सुंदर हसली. "तां माडाला इचारा."

हे बांधावरच बसले आणि वहीत लिहायला लागले. मी आणि मावशी बाजूला उभ्या. तिने मला कुजबुजत विचारलं, "मी बोल्ली म्हून मास्तरांचा नुसकान झाला काय?" मी म्हटलं, "नाही मावशी." खोटंच बोलले, पण निदान हे खोटं मला बोलता आलं, याचं त्या दिवशी बरं वाटलं.

रविवारी मी सोबत गेले. एका शाळेच्या दालनात तीसेक माणसं, प्रोफेसर मध्ये. मी शेवटच्या बाकावर. ह्यांनी जुना निबंध आणला नव्हता. सरळ सांगितलं की मी एक प्रयोग केला, तो तीनदा सारखाच आला, आणि तीनदाही चुकीचा होता. का, ते मला मिठागरात काम करणाऱ्या एका बाईने जिभेने शोधून दिलं. मग म्हणाले, "थोडे किरण जिवाला उपकारक की अपायकारक, हा प्रश्न मी विचारत होतो. त्या बाईकडून मी शिकलो की प्रश्नच अर्धा आहे. किती, आणि कोणाला, हे विचारल्याशिवाय मिठाबद्दलसुद्धा उत्तर देता येत नाही. आणि उत्तर माझ्याकडे नाही, ते झाडालाच विचारावं लागेल, आणि विचारताना आपली रेती आधी चाखून बघावी लागेल."

दोघंतिघं हसले. एका तरुण गृहस्थांनी उठून विचारलं, "म्हणजे किरण चांगले की वाईट?"

"मला माहीत नाही," हे म्हणाले. "माझ्या वालाला मीठ बाधलं, एवढंच माहीत आहे."

इतक्या माणसांसमोर, इतक्या आशेने बोलावणाऱ्या माणसासमोर, "मला माहीत नाही" हे तीन शब्द कोणी इतक्या सरळ मानेने म्हणू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. प्रोफेसरांनी नंतर ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला, मुलाबाळांची चौकशी केली (आम्हाला तेव्हा मूल नव्हतं), आणि जागेबद्दल काही बोलले नाहीत. ती पुढे दुसऱ्या कोणाला मिळाली. बरोबरच होतं, त्यांना निष्कर्ष असलेला माणूस हवा होता.

पण गोष्ट तिथे संपत नाही, कारण मावशीला चैन नव्हतं. तिने कसं कोण जाणे, कोणाच्या तरी होडीतून कल्याणच्याही वरची, जिथे भरतीचं पाणी पोचत नाही तिथली रेती मागवली आणि एका सकाळी टोपली भरून आमच्या पडवीत ओतली. "गोडी रेती," म्हणाली. "आता लावा." ह्यांनी ती तरीही सात पाण्यांनी धुतली, सिल्व्हर नायट्रेट घालून पाहिलं, आणि मग पेरलं. मी यावेळी एकाही रोपाशी बोलले नाही, लाडाने तर नाहीच. मनात मात्र रोज त्या काळ्या परळांना विनवत होते: जिंका, आता तरी जिंका. अजून वेळ गेलेली नाही, प्रोफेसर पत्राला उत्तर देतील.

एकशेवीस वाल सारखे उगवले. सारखे वाढले. दुसऱ्यांदा पेरले, तेव्हाही. तिसऱ्यांदा तर मीच सुताने मोजले. कुठेतरी गव्हाभर जास्त, कुठेतरी गव्हाभर कमी, काळं काय आणि पांढरं काय. ह्यांनी वहीत लिहिलं: फरक आढळला नाही.

मावशी आली तेव्हा तिने विचारलं, "मंग जिकला कोन?"

"कोणीच नाही," हे म्हणाले.

ती सगळ्या परळांवरून नजर फिरवत गेली. हिरवीगार, एका उंचीची, एकशेवीस. "कोनी नाय कसा?" ती म्हणाली. "माजा वाल जिकला."

हे त्यावर इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. निदान मी तरी ते हसण्याचंच धरून चालले.

पुढे तीस वर्षं हे त्याच शाळेत शिकवत राहिले. मधल्या काळात कोणी गरम पाण्याच्या कुंडातल्या किरणांचं कौतुक करायचं, कोणी किरणांच्या नावानेच घाबरायचं, आणि दोघंही ह्यांना विचारायला यायचे. दोघांनाही उत्तर एकच: "मी पाहिलं, मला दिसलं नाही. मी फार थोडं पाहिलं." लोक चिडायचे. मला मात्र त्या उत्तराचा अभिमान वाटायचा.

हे जाऊन काही वर्षं झाल्यावर भाजीबाजारात एक पिकल्या केसांचे गृहस्थ पुढे आले आणि वाकून नमस्कार केला. ह्यांचे जुने विद्यार्थी. म्हणाले, "बाई, सर दरवर्षी पहिल्या तासाला चिमूट चिमूट रेती वाटायचे आणि चाखायला लावायचे. मग ती वालाची गोष्ट सांगायचे. आणि शेवटी नेहमी म्हणायचे, त्या गुरुवारी दुपारी माझी बायको धावत शाळेत आली. माझी जागा जाणार हे तिला ठाऊक होतं, तरी एक क्षण थांबली नाही. खरा वैज्ञानिक मी नव्हे, ती."

मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. ज्या माणसाने एका रोपाचा शंका आलेला आकडासुद्धा खोडला नाही, दोन्ही लिहून ठेवले, त्याने तीस वर्षं, दर वर्गासमोर, एक नोंद जाणूनबुजून चुकीची सांगितली होती. माझी.

त्या गृहस्थांना मी काही बोलले नाही. म्हणून इथे लिहून ठेवते. गुरुवार नव्हता तो. शुक्रवार होता, सकाळचे दहा.